चहादाणी आली, किटली राहिली

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती सोडते, तेव्हा पुढच्या मुक्कामांची नावं वारकऱ्यांना पाठ असतात. काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं, सणसरला रात्र काढली जाते, बेलवाडीत पहिलं गोल रिंगण रंगतं आणि तिथून पालखी अंथुर्ण्याला मुक्कामी येते. तुकोबांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली हा सोहळा सुरू केला, तेव्हा इंदापूरच्या या माळावर चहाची पत्ती कुणी पाहिलेलीही नसणार. आज मात्र या वाटेवरच्या गावांत पालखीची सेवा म्हटली की भाकरी-पिठल्याच्या आधी चहा येतो. तंबू उठायच्या आत चुली पेटतात, मोठाल्या पातेल्यांत दूध, साखर आणि भुकटी एकत्र उकळते, फडक्यातून चहा गाळला जातो आणि पोरं किटल्या घेऊन दिंड्यांमधून फिरू लागतात.

या सगळ्या चहात एक भांडं कुठेही दिसत नाही, ते म्हणजे चहादाणी. चीनपासून इंग्लंडपर्यंत, जपानपासून मोरोक्कोपर्यंत चहाची ओळख ज्या भांड्यावरून होते, ते आपल्या गावातल्या चहात नाही. किटली आहे, आणि ती दिसायला अगदी चहादाणीसारखीच आहे. तेच गोल पोट, तीच चोच, तोच दांडा, तेच झाकण. पण तिचं काम निराळं. चहादाणीत कोरडी पत्ती घालून वरून उकळतं पाणी ओततात, झाकण लावतात आणि तीन-चार मिनिटं चहा मुरू देतात. तिच्या वाट्याला सहसा आग येत नाही, आणि टेबलावरून ती फारशी हलतही नाही. आपल्या किटलीत चहा मुरत नाही, ती तयार चहा घेऊन चालू लागते. चुलीपासून बांधापर्यंत, हॉटेलापासून कचेरीपर्यंत, पातेल्यापासून पालखीपर्यंत. मुरवणारं भांडं महाराष्ट्रात आलं आणि वाहून नेणारं झालं, या बदलात आपल्या चहाचा बराचसा सामाजिक इतिहास भरलेला आहे.

चहादाणी हे चहापेक्षा पुष्कळ तरुण भांडं आहे. चीनमध्ये आठव्या शतकात लू यूने चहावरचा पहिला मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा चहाच्या दाबून केलेल्या वड्या कुटून, कढईसारख्या भांड्यात उकळून चहा करत. पुढे सोंग राजवटीत चहाची बारीक पूड वाडग्यात घालून गरम पाण्यात बांबूच्या कुंचल्याने घुसळण्याची रीत आली. जपानने तीच उचलली आणि आजवर जपली. या दोन्ही रीतींत चहादाणीला जागाच नव्हती. ती जागा एका हुकमाने तयार झाली. मिंग घराण्याचा संस्थापक सम्राट होंगवू गरीब शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला. चहाच्या वड्या बनवून दरबारात पाठवताना मळ्यातल्या माणसांचे किती हाल होतात हे त्याला कळत होतं. १३९१ साली त्याने खंडणीत वड्या घेणं बंद केलं आणि सुटी पत्ती स्वीकारायला सुरुवात केली. सुटी पत्ती कुटायची नाही, घुसळायची नाही, तर भिजवायची. भिजवायला झाकणाचं भांडं हवं, आणि ओतताना पत्ती मागे राहावी म्हणून चोच हवी.

हे भांडं घडलं ते प्रामुख्याने जिआंग्सू प्रांतातल्या यीशिंगमध्ये, ताई सरोवराच्या पश्चिमेला. तिथे जांभळट-तपकिरी रंगाची खास माती मिळते. सोळाव्या शतकातल्या गोंग चुन या कारागिराला पहिल्या नामवंत चहादाण्यांचं श्रेय परंपरेने दिलं जातं. त्यानंतरच्या शी दाबिनने त्या लहान, एका-दोघांपुरत्या केल्या. यीशिंगच्या चहादाणीवर चकाकी चढवत नाहीत. उघडी, सूक्ष्म छिद्रांची माती वर्षानुवर्षं चहाचा अर्क शोषत राहते, म्हणून रसिक लोक एका चहादाणीत एकाच जातीचा चहा करतात आणि ती साबणाने धूत नाहीत. कारागीर आपल्या भांड्याच्या तळाशी नावाचा ठसा उमटवत. मातीच्या भांड्यावर कुंभाराचं नाव असावं आणि त्या नावामुळे भांड्याला मोल यावं, ही मोठी गोष्ट आहे. आपल्याकडे कुंभारांच्या पिढ्या मडकी घडवत आल्या पण मडक्यांमुळे त्यांतल्या क्वचितच कुणाचं नाव राहिलं, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही.

डच कंपनीच्या जहाजांतून १६१० च्या सुमारास चहा युरोपात पोचू लागला आणि त्याच्या पाठोपाठ चहादाण्याही. चिनी मातीची भांडी जड आणि पाण्याने न बिघडणारी. म्हणून ती जहाजाच्या तळाशी रचत आणि ओल लागली तर नासणारी चहाची खोकी त्यांच्यावर ठेवत. युरोपातल्या कुंभारांपुढे तेव्हा पेच उभा राहिला, कारण त्यांची झिलईची मातीची भांडी उकळत्या पाण्याने तडकायची. डेल्फ्टमध्ये, इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरमध्ये यीशिंगच्या लाल चहादाण्यांच्या नकला झाल्या. जर्मनीत योहान बट्गर नावाचा किमयागार राजाच्या कैदेत सोनं बनवण्याच्या खटपटीत होता. त्याच्या हातून सोनं झालं नाही, पण खरं पोर्सेलीन साधलं आणि १७१० साली माइसेनचा कारखाना उभा राहिला. एका चिनी भांड्याच्या ओढीने युरोपातला केवढा मोठा उद्योग जन्माला आला, हे यावरून कळावं.

या कहाणीत मुंबईही आहे, आणि ती अगदी सुरुवातीलाच आहे. पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन ब्रगांझा हिचा इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी विवाह ठरला, त्या १६६१ च्या करारात मुंबईची बेटं आंदण म्हणून इंग्रजांना मिळाली. कॅथरिनला माहेरी चहाची सवय होती; इंग्लंडच्या दरबारात चहाची चाल पडली त्याचं श्रेय बहुतेक इतिहासकार तिला देतात. म्हणजे एकाच लग्नातून इंग्रजांना चहाची गोडी लागली आणि मुंबई मिळाली. १६६८ साली राजाने मुंबई वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, आणि १६७० साली लॉर्ड बर्कलीने याच कंपनीला चांदीची एक चहादाणी भेट दिली. ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. उंच, निमुळती, आजच्या कॉफीपॉटसारखी. तिच्यावर ती चहासाठी असल्याचं कोरलेलं नसतं तर कुणी तिला चहादाणी म्हटलंही नसतं. चहादाणी कशी दिसावी हे इंग्रजांचं तेव्हा अजून ठरायचं होतं.

पश्चिम किनाऱ्यावरही चहा त्याच शतकात पोचलेला होता. जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री १६८९ साली इंग्लंडहून निघाला आणि मुंबईमार्गे सुरतेला आला. सुरतेतल्या डच व्यापाऱ्यांकडे चहादाणी विस्तवावरून क्वचितच उतरते, अशी नोंद त्याने केली आहे. तिथले लोक चहात गरम मसाला, खडीसाखर, कधी लिंबू घालतात, हेही त्याने पाहिलं. मसाल्याचा चहा ही टपरीवाल्यांनी काल-परवा काढलेली चूष नव्हे, हे सांगायला मला ही नोंद फार मोलाची वाटते. चहा त्या काळी औषधासारखा घेतला जायचा, सुंठ-मिऱ्याच्या काढ्याच्या ओळीत बसायचा. आपल्या घरांत आजही पावसाळ्यात आलं-गवती चहा पडतो, तो त्याच ओळीतला.

पुढची दीडशे वर्षं चहा मुंबईच्या बंदरातून ये-जा करत राहिला, पण मुंबईत मुरला नाही. माळव्याची अफू आणि कापूस चीनला जायचा. परतीच्या जहाजांत चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी असायची. जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या पारशी व्यापाऱ्यांनी या व्यापारात अमाप संपत्ती मिळवली आणि त्यातून रुग्णालयं, शाळा, धर्मशाळा उभारल्या. ती अफू चीनमधल्या लाखो घरांची राखरांगोळी करत होती, हेही त्याच वाक्यात लिहिलं पाहिजे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली चिनी-जपानी पोर्सेलीनची भांडी आहेत. ती पाहताना नाजूक नक्षीबरोबर हा व्यापारही डोळ्यांपुढे असावा.

सामान्य मराठी माणसाच्या घरात चहा शिरायला अडचण होती ती भांड्याची आणि हाताची. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली चाळीसहून अधिक नामवंत मंडळी गेली. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले हे त्यांत होते. मिशनच्या लोकांनी पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं ठेवली. काहींनी चहा घेतला, काहींनी मान राखायला कप नुसता हातात धरून खाली ठेवला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची यादी ‘पुणे वैभव’ पत्रात छापवून आणली आणि गाव पेटलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं ठरली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं आणि त्यावरून सुधारकांचा रोष ओढवून घेतला. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत हा सारा मनस्ताप लिहून ठेवला आहे. या वादात चहाच्या चवीबद्दल किंवा गुणदोषांबद्दल कुणीच बोलत नव्हतं. पाणी कुणी उकळलं, कप कुणाच्या हातून आला, त्या कपाला आधी कुणाचे ओठ लागले, एवढाच प्रश्न होता. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी पुण्यात अमृततुल्यची दुकानं थाटली. लखलखीत पितळी पातेलं, आलं-वेलदोडा कुटायचा खल, आणि समोर बसून चहा उकळणारा माणूस. ती पुण्यात एवढी रुजली याचं एक कारण, माझ्या मते, हेच की चहा करणारा हात कुणाचा हे गिऱ्हाइकाला स्पष्ट दिसत होतं.

चहा आम जनतेच्या गळी उतरवला तो मळेवाल्यांच्या प्रचाराने. आसामचा चहा १८३९ साली लंडनच्या लिलावात पहिल्यांदा विकला गेला. पुढची साठ-सत्तर वर्षं भारतात पिकणारा बहुतेक चहा परदेशी जात होता. १९०३ साली निर्यातीच्या चहावर उपकर बसवण्यात आला आणि त्या पैशातून चहाचा खप वाढवण्याची मोहीम चालली. पुढे इथला बाजार हेच तिचं मुख्य लक्ष्य झालं. रेल्वे स्टेशनं, गिरण्या, बाजारपेठा यांतून चहाचे स्टॉल लागले, फुकट कप वाटले गेले, भिंतींवर देशी भाषांतून पाट्या लागल्या. त्या पाट्यांवर चहा करण्याची ‘योग्य’ रीतही असायची. चहादाणी गरम पाण्याने विसळून घ्या, माणशी एक चमचा पत्ती घाला, त्यावर ताजं उकळलेलं पाणी ओता, झाकून ठेवा, कपात ओतल्यावर चवीपुरतं दूध-साखर घाला. प्रचारकांना एकच तक्रार सतावत होती: देशी चहावाले पत्ती कमी टाकतात, दूध-साखर-मसाला भरमसाट घालतात आणि सगळं एकत्र उकळतात.

लोकांनी चहा घेतला आणि रीत नाकारली. यामागे हिशेब होता. पत्ती महाग. ती पाच मिनिटं भिजवून फेकून देणं गरिबाला परवडणारं नव्हतं. उकळून तिचा शेवटचा कस काढणं शहाणपणाचं. दूध कच्चं ठेवलं तर नासतं, म्हणून ते उकळायचंच असतं. मग दोन आचा कशाला? आणि शेतात किंवा गिरणीत राबणाऱ्याला चहा चवीपेक्षा तरतरीसाठी हवा होता. साखर आणि दुधाने पोटाला आधार मिळायचा, एखादं जेवण पुढे ढकलता यायचं. या रीतीला पुढे यंत्राचीही साथ मिळाली. १९३० च्या सुमारास आसामात मॅक्‌केर्चर नावाच्या मळेवाल्याने पत्ती चिरडून, फाडून, तिच्या बारीक गोळ्या करणारं यंत्र बनवलं. स्वातंत्र्यानंतर या सीटीसी चहाने देशाची बाजारपेठ व्यापली. या गोळ्या झटकन रंग सोडतात आणि थोड्या भुकटीत जास्त कप होतात. दुधातली प्रथिनं चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतात, म्हणून दुधात उकळायचा चहा कडकच लागतो. मुरवण्याच्या नाजूक पत्तीचं दुधात काहीच उरत नाही. चहादाणीची सद्दी इथेच संपली. देशात पिकणाऱ्या चहापैकी सुमारे ८० टक्के चहा आज आपण देशातच पितो, आणि त्यातला बहुतेक पातेल्यात उकळलेला असतो.

बारामती-इंदापूरचा पट्टा तर या उकळलेल्या चहासाठीच घडला असावा असं वाटतं. पावसाने सदा हुलकावणी दिलेला हा मुलूख. १८८० च्या दशकात नीरा डाव्या कालव्याचं पाणी इकडे फिरलं आणि जिराईत ज्वारीच्या शेजारी ऊस उभा राहू लागला. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर साखर कारखाना आणि वालचंदनगर वसवलं. स्वातंत्र्यानंतर सहकार आला, भवानीनगरला छत्रपती कारखाना झाला. नंतरच्या काळात संकरित गाई गोठ्यांत आल्या आणि दूध संकलनाची केंद्रं गावोगाव निघाली. साखर शिवारात, दूध दारात. बाहेरून आणायची ती फक्त भुकटी. ज्या काळी साखर रेशनवर मोजून मिळायची, तेव्हा गुळाचा चहा चालायचा. त्यात दूध आच बंद करून शेवटी घालतात, नाहीतर ते फाटतं. आता तोच गुळाचा चहा हमरस्त्यावरच्या पाट्यांवर जास्त दराने विकला जातो.

याच उसाच्या फडात चहाचं दुसरं रूप दिसतं. बीड-नगरकडून येणाऱ्या ऊसतोड टोळ्या कोप्यांमध्ये राहतात. दिवस उगवायच्या खूप आधी तीन दगडांच्या चुलीवर चहा चढतो. दूध असलं तर दुधाचा, नाहीतर कोरा. ज्या साखरेने साऱ्या राज्याचा चहा गोड होतो ती तोडणाऱ्या बाईच्या कपात दूध नसावं, हे मला सहन होत नाही, आणि चहाच्या इतिहासात ते लिहिलंच पाहिजे असं वाटतं.

आता किटलीकडे वळू. आपल्याकडची जुनी किटली बहुधा ॲल्युमिनियमची, म्हणजे गावच्या बोलीत ‘जर्मन’ची. हा धातू भारतीय स्वयंपाकघरात आला त्याची सुरुवात मद्रासला झाली. तिथल्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ साली ॲल्युमिनियमची भांडी घडवायला सुरुवात केली. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई लागते, नाहीतर आंबट पदार्थ कळकतात. ते जड आणि महागही असतं. जर्मनचं भांडं हलकं, स्वस्त आणि बिनकल्हईचं. चार-पाच लिटर चहा भरलेली किटली एका हातात आणि कपांची चळत दुसऱ्या हातात घेऊन अर्धा मैल चालायचं तर धातू हलकाच हवा. शेतावर चहा नेताना तिच्या चोचीत फडक्याचा बोळा कोंबतात आणि अंगाभोवती कापड गुंडाळतात. इंग्रज घरांत चहादाणीवर घालायची लोकरीची टोपी असते, तिचंच काम हे फडकं करतं.

किटलीच्या घडणीत थोडं शास्त्रही आहे आणि ते चहादाणीकडूनच आलेलं आहे. चोचीचं टोक पोटात भरलेल्या चहाच्या पातळीपेक्षा वर असावं लागतं, नाहीतर किटली भरता भरताच चोचीतून चहा सांडू लागतो. झाकणाला बारीक भोक असतं; ओतलेल्या चहाची जागा घ्यायला तिथून हवा आत जाते. ते भोक बोटाने दाबून धरा, धार अडखळते. आणि थेंबांचा प्रश्न तर सगळ्यांच्या ओळखीचा. सावकाश ओतायला गेलं की चहा कपात न पडता चोचीखालून ओघळत टेबलावर येतो. याला शास्त्रज्ञांनी ‘टीपॉट इफेक्ट’ असंच नाव दिलं आहे. मार्कस रायनर यांनी १९५६ साली हा प्रश्न मांडला, पुढच्याच वर्षी जोसेफ केलर यांनी त्याचं गणित केलं. चोचीच्या कडेला वळणाऱ्या धारेतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, म्हणून हवा धारेला चोचीच्या अंगावर दाबून धरते. पृष्ठभाग ओला होणारा असेल तर धार तिथेच चिकटते. न ठिबकणाऱ्या चोचीच्या गणितासाठी केलर आणि व्हांडेन-ब्रोक यांना १९९९ साली गमतीशीर संशोधनाचं ‘इग नोबेल’ मिळालं. उपाय दोन: चोचीची कड पातळ आणि धारदार ठेवा, किंवा झटक्यात ओता आणि झटक्यात सरळ करा. टपरीवरच्या पोऱ्याचा हात हा दुसरा उपाय बिनचूक करतो. चोच कपाजवळ नेऊन सुरुवात, मग हात वर, लांब धार, आणि मनगटाच्या एका हिसक्यात बंद. एक थेंब बशीत पडत नाही.

त्या लांब धारेत मात्र हातातल्या कसबापलीकडचंही काही होतं. चोचीच्या भांड्याचा एक गुण असा, की देणाऱ्याच्या भांड्याला घेणाऱ्याचं भांडं न लावता देता येतं. पाणवठ्यावर ज्यांना शिवू दिलं जात नव्हतं त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतत, तसाच किटलीतून चहा वरून ओतता येत होता. किटली सगळ्यांची एक, कप मात्र वेगळे. गावच्या हॉटेलाबाहेर, वळचणीला किंवा खांबाच्या खुंटीला दलितांसाठी वेगळी कपबशी ठेवलेली असायची. ती त्यांनीच घ्यायची, चहा वरून ओतून घ्यायचा, प्यायचा, धुवायची आणि जागेवर ठेवायची. पैसे मात्र सगळ्यांइतकेच. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता रद्द केली आणि १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने सार्वजनिक उपाहारगृहातली भांडी वापरू न देणं हा गुन्हा ठरवला. देशाच्या कायद्याला हॉटेलातल्या भांड्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला, यावरून कपबशीचं वजन कळतं. कायदा झाला तरी कप खुंटीवरच राहिले. शरणकुमार लिंबाळे यांच्या १९८४ साली आलेल्या ‘अक्करमाशी’ या आत्मकथनात गावच्या हॉटेलातल्या अशा वेगळ्या कपाविरुद्ध पोलिसांत तक्रार करायला निघालेल्या पोरांचा प्रसंग आहे. चहाने जात मोडली असं आपण सहज बोलून जातो. माझं मत असं, की चहाने माणसं एका टपरीवर आणली, पण कप एक व्हायला कायदा आणि लढे लागले, आणि काही ठिकाणी तर फक्त फेकून द्यायचा कागदी कप आला म्हणून तो प्रश्न झाकला गेला.

शहरांत चहादाणी थोडी टिकली. विसाव्या शतकाच्या आरंभी इराणातून आलेल्या लोकांनी मुंबई-पुण्यात हॉटेलं काढली. मुंबईचं कयानी १९०४ सालचं, पुण्याचं गुडलक १९३५ सालचं. त्यांच्या मायदेशी समोवारवर चहादाणी ठेवून कडक अर्क काढायचा आणि कपात तो पाण्याने हवा तेवढा पातळ करायचा, अशी रीत. इथे पाण्याची जागा दुधाने घेतली, तरी अर्क वेगळा आणि दूध वेगळं ही मूळ शिस्त इराण्यांनी सोडली नाही. ‘पानी कम’ ही फर्माईश त्यामुळेच शक्य झाली. डाकबंगले, क्लब आणि रेल्वेच्या पहिल्या वर्गात ट्रेमधून चहादाणी, दुधाचं भांडं आणि साखरेचं भांडं येत राहिलं. मध्यमवर्गीय घरांत लग्नाच्या आहेरात टी-सेट आला आणि शोकेसच्या काचेआड गेला. त्यातले कप पाहुण्यांसाठी बाहेर निघायचे, चहादाणी सहसा नाही. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात पोह्यांबरोबर ट्रे आला तरी कप स्वयंपाकघरातच भरलेले असत.

निवडणूक आयोगाच्या मुक्त चिन्हांच्या यादीत कपबशी आहे, किटलीही आहे. ज्या भांड्यांवरून एके काळी माणसामाणसांत भेद केला जायचा, त्यांच्या चित्रापुढचं बटण आता सगळे दाबतात, आणि त्या चित्राखाली काय लिहिलंय हे वाचता न येणाऱ्या मतदारालाही ती ओळखता येतात.

चांदीच्या, पोर्सेलीनच्या चहादाण्या जगभरच्या संग्रहालयांत नीट मांडलेल्या आहेत. त्यांचे कारागीर, मालक, सालं नोंदलेली आहेत. आपल्या किटल्या मात्र मोडीत निघतात. भांडीवाला येतो, वजन करतो, जर्मनच्या जुन्या किटलीच्या बदल्यात स्टीलचं काहीतरी देतो, आणि तिच्याबरोबर त्या घराचा चहाचा इतिहासही जातो. म्हणून वाचकांना एक विनंती आहे. घरातली जुनी किटली मोडीत घालण्याआधी थोरल्या माणसांजवळ बसा. ती कुणी, कुठल्या बाजारातून, केव्हा आणली, तिच्यातून चहा कुणाच्या शेतावर जायचा, घरात आधी गूळ होता की साखर, आणि वेगळ्या कपात चहा कुणाला दिला जायचा, हे विचारून वहीत लिहून ठेवा. यातला शेवटचा प्रश्न विचारायला जड जाईल. तो आधी विचारा.